गावात पहिला नाताळ, घरच्या हातचा: आगमनकाळापासून तीन राजांच्या सणापर्यंत

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, पापडीपासून नंदाखाल-आगाशीपर्यंतच्या कुठल्याही गावात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फिरा, दुपारच्या वेळी निम्म्या घरांतून तळणाचा वास येतो. मी मुंबईतून लग्न होऊन इकडे आले आणि नाताळचा फराळ, गोठा (येशूच्या जन्माचा देखावा), तारा हे सगळं सासूबाई आणि शेजारच्या काकींच्या हाताखाली शिकले. आता दरवर्षी कुणी ना कुणी नवी सून, आखातातून परत आलेलं एखादं कुटुंब किंवा वाडीत नव्याने राहायला आलेले शेजारी तेच प्रश्न विचारतात. कधी सुरुवात करायची? किती नारळ लागतात? कुलकुल (शिंपल्याच्या आकाराचे तळलेले गोड तुकडे) मऊ का पडतात? म्हणून हे सगळं एका जागी, क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगते. इकडे सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशी सगळी ख्रिस्ती घरं आहेत आणि प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी आहे. तुमच्या सासरी नेवऱ्यांत (नाताळच्या करंज्यांत) खसखस घालत असतील आणि मी तीळ लिहिले असतील, तर खसखसच घाला. घरच्या पद्धतीपुढे माझं प्रमाण धरून बसू नका.

पदार्थ कमी-जास्त झाले तरी चालतं, क्रम मात्र चुकू देऊ नका. जे जास्त टिकतं ते आधी करायचं, जे कमी टिकतं ते शेवटी. बहुतेक नवख्या घरांत उलटं होतं: २० तारखेपर्यंत काहीच हलत नाही आणि मग केक, कुलकुल, नेवऱ्या सगळं एकाच दोन दिवसांत अंगावर येतं. सण येतो तोवर घरची बाई आडवी झालेली असते आणि मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) झोप आवरत नाही.

१. पहिल्या वर्षी काय करायचं ते आधी ठरवा

पहिल्या वर्षासाठी माझी यादी चारच पदार्थांची: पेराद (पेरूच्या गराच्या वड्या), फळांचा केक, कुलकुल आणि नेवऱ्या. जेवणाला फुगे (फुगवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि इंद्याल (व्हिनेगरच्या मसाल्यातलं पोर्क). बास.

दोदोल पहिल्या वर्षी करू नका. तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ आणि नारळाचं जाड दूध मंद आचेवर तासन् तास घोटायचं असतं. तेल सुटून गोळा कढईपासून वेगळा होईपर्यंत हात थांबवता येत नाही, त्याला दोन तगडी माणसं आळीपाळीने लागतात. कुणाकडे तरी जाऊन एकदा घोटायला हात लावा आणि पुढच्या वर्षी करा. काजूचं मार्झिपान आणि मिल्क क्रीम या मिठाया साच्यातून निघतात तेव्हा देखणी दिसतात, पण पाक जरा पुढे गेला की कोरडी ठिक्कर पडतात. तीही दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

२. सामान आणि भांडी

आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या आठवड्यात एकदा बसून खालच्या वस्तू आहेत का पाहा.

- जाड बुडाची मोठी कढई, पितळेची असेल तर कल्हई केलेली
- लांब दांड्याचं लाकडी उलथनं (पेरादसाठी हे लागतंच)
- झारा, मोठी चाळण, दोन पराती
- नेवऱ्यांसाठी कातण
- कुलकुलांसाठी काटे-चमचे किंवा कोरे प्लास्टिकचे कंगवे, जितकी माणसं बसणार तितके
- केकचा आठ इंची डबा, बटर पेपर
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- घट्ट झाकणाचे पत्र्याचे किंवा स्टीलचे डबे, धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेले

किराण्यात मैदा, बारीक रवा, साखर, साजूक तूप, लोणी, सुकं खोबरं, काजू, बेदाणे, काळे मनुके, तीळ, वेलची, जायफळ, दालचिनी, लवंग. सुका मेवा नोव्हेंबरमध्येच घ्या. २० तारखेनंतर चांगला मालही उरत नाही आणि भावही चढतात.

नारळ वेगळे मोजून ठेवा. चार-पाच माणसांच्या घराला वरच्या यादीसाठी सात-आठ नारळ पुरतात. इकडे कुणाच्या ना कुणाच्या वाडीत माड असतोच, त्यामुळे पाडेकरी कधी येणार ते विचारून ठेवा, नाहीतर ऐन वेळी बाजारातून आणावे लागतात. नारळाचं दूध मात्र त्या-त्या दिवशी, लागेल तेवढंच काढा. सकाळी काढलेलं दूध बाहेर राहिलं तर संध्याकाळपर्यंत आंबतं, आणि आंबलेल्या दुधाच्या कुलकुलांना जो वास लागतो तो साखरेने झाकत नाही.

अंडी घेताना ती पाण्यात टाकून पाहा, तरंगली तर परत द्या. एवढी छोटी गोष्ट, पण केकचं अख्खं मिश्रण एका अंड्याने जातं. म्हणून प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं, मग मिश्रणात.

३. केकची फळं भिजवणं

फळं साधारण अर्धा किलो: काळे मनुके, बेदाणे, खजूर, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, थोडी टुटीफ्रुटी. यात मी आगाशीकडची सुकेळी घालते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेला हा पदार्थ इकडचाच आहे. तिचा गोडवा खजुरापेक्षा सौम्य आणि चव जास्त खोल. बारीक चिरून घाला, नाहीतर केक कापताना सुरी अडकते.

फळं रममध्ये भिजवणार असाल तर नोव्हेंबरमध्येच काचेच्या बरणीत भरून ठेवा. पंधरा-वीस दिवस सहज मुरतात. रम नको असेल तर संत्र्याचा रस चालतो, पण रसात भिजवलेली फळं फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवायची. रमवाल्या कृतीत लिहिलंय म्हणून लोक रसातही महिनाभर ठेवतात आणि बरणीला फेस येतो. ती फळं टाकूनच द्यावी लागतात.

आता कायद्याची गोष्ट, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे दारू विकत घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो. दुकानात एक दिवसाचा परवाना मिळतो, तो घ्या. घरी द्राक्षांची किंवा आल्याची वाइन करण्याच्या कृती सगळीकडे फिरतात, पण विनापरवाना मद्य तयार करणं इथे गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. नवख्या माणसाने या वाटेला जाऊ नये. आलं, लिंबू, दालचिनी, लवंग आणि गुळाचं गरम सरबत करा. डिसेंबरच्या रात्री पाहुण्यांना ते जास्त आवडतं, हा माझा अनुभव आहे.

४. पेराद (डिसेंबरचा पहिला आठवडा)

पेरू याच दिवसांत भरपूर आणि स्वस्त असतात आणि पेराद महिनाभर सहज टिकतं, म्हणून हा पहिला पदार्थ. पूर्ण पिकलेले, वास सुटलेले पेरू एक-दीड किलो घ्या. आतून लाल निघणारे मिळाले तर रंग आपोआप येतो, वेगळा रंग घालावा लागत नाही. पेरू चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवा आणि चाळणीतून घासून गर काढा. बिया वर राहतील.

गर वजन करा. एक किलो गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. मध्यम आचेवर ढवळत राहा. गर घट्ट होऊ लागला की उडतो आणि हातावर पडलेला थेंब चांगलाच भाजतो. म्हणून लांब दांड्याचं उलथनं आणि मनगटापर्यंत गुंडाळलेलं फडकं. मुलांना त्या वेळी चुलीपाशी येऊ देऊ नका.

झालं कसं ओळखायचं? थेंबभर मिश्रण गार पाण्यात टाका. बोटांत धरून मऊ गोळी वळली आणि मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं की चमचाभर लोणी घालून उतरवा. तूप लावलेल्या ताटात थापा आणि दुसऱ्या दिवशी वड्या कापा. लवकर उतरवलं तर वड्या चिकट राहतात. तसं झालं तर घाबरू नका, परत कढईत घालून आटवता येतं. जास्त आटलं तर मात्र इलाज नाही, ते दगडासारखं होतं.

५. केक (१२ ते १५ डिसेंबर)

पाव किलो मैदा, पाव किलो लोणी, पाव किलो साखर, पाच अंडी, एक चमचा बेकिंग पावडर आणि भिजवलेली अर्धा किलो फळं. मसाल्याला दालचिनी, लवंग, जायफळ मिळून एक लहान चमचा पूड. काळपट रंग जळक्या साखरेचा असतो: चार चमचे साखर कोरडीच कढईत वितळवून गडद तपकिरी झाली की गॅस बंद करून अर्धी वाटी गरम पाणी घालायचं. पाणी घालताना तोंड लांब ठेवा, जोरात उसळतं. गार पाणी तर अजिबात घालू नका.

लोणी आणि साखर पांढरी आणि हलकी होईपर्यंत फेसा, मग एकेक अंडं, मग मैदा आणि गार झालेली जळकी साखर. फळं निथळून त्यांना दोन चमचे मैदा चोळा आणि शेवटी मिसळा. मैदा चोळला नाही तर सगळी फळं तळाशी जातात. १५० ते १६० अंशांवर दीड ते दोन तास. मधोमध टोचलेली काडी कोरडी निघाली पाहिजे.

घरी ओव्हन नसेल तर पूर्वीसारखं मिश्रण बेकरीत नेऊन भाजून आणता येतं. सगळ्याच बेकऱ्या देत नाहीत आणि २० तारखेनंतर कुणीच हमी देत नाही. म्हणून आधी विचारून वार ठरवून घ्या आणि डब्यावर आपलं नाव ठळक लिहा. भट्टीवरून भलत्याचाच डबा घरी येतो, ही गोष्ट इकडे दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येते.

६. गोठ्यासाठी धान्य पेरणं (१४-१५ डिसेंबर)

तारीख चुकली की भरून निघत नाही असं हे एकच काम आहे. गोठ्याभोवतीची हिरवी शेतं खरी उगवलेली असतात. गव्हाला चार बोटं उंची यायला आठ-नऊ दिवस लागतात. नाचणी आणखी बारीक आणि दाट येते, पण तिला दोन-तीन दिवस जास्त लागतात, म्हणून ती तेवढी आधी पेरा. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात तशीच रीत: धान्य रात्रभर भिजवा, पसरट ताटल्यांत दोन बोटं माती घालून दाट पेरा, वर मातीचा पातळ थर. पहिले दोन दिवस झाकून ठेवा, कोंब दिसले की उजेडात. पाणी हाताने शिंपडा, ओतू नका. ताटलीत पाणी साचलं की बुरशी येते. कोंबड्या आणि चिमण्यांपासून वाचवायला वर जाळी टाका.

गोठा बांधायला पेंढा, बांबूच्या काटक्या, माती, नदीतले गोटे पुरतात. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली जिवंत बैल-गाढवासह पहिला गोठा मांडला, तोही पेंढ्याचाच होता. थर्माकोल आणायची काही गरज नाही. पेंढ्याजवळ मेणबत्ती किंवा गरम होणारा जुना बल्ब ठेवू नका, एलईडीची माळ वापरा आणि झोपताना ती बंद करा.

मूर्ती मांडतानाही क्रम आहे. मरिया, योसेफ, मेंढपाळ, गुरं आधी ठेवतात. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीच गव्हाणीत ठेवायची, तोवर गव्हाण रिकामी. तीन राजे (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले) लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ते रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला, त्यांच्या सणाला गोठ्यापाशी पोचवायचे. हे काम घरातल्या लहान मुलाकडे द्या.

७. तारा (नोव्हेनाच्या आठवड्यात)

१६ डिसेंबरपासून नाताळचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होतो. त्या आठवड्यात तारा लागला पाहिजे. विकतचे प्लास्टिकचे तारे सगळीकडे मिळतात, पण बांबूचा तारा एका संध्याकाळी होतो. कृती नीट लिहिते, कारण बघितल्याशिवाय हे जमत नाही असं लोकांना वाटतं.

बांबूच्या दोन फुटी, सारख्या जाडीच्या दहा कामट्या घ्या आणि गाठी असलेल्या बाजूला काढा. पाच कामट्या जमिनीवर पाच टोकांच्या ताऱ्यासारख्या मांडा. प्रत्येक टोकाला दोन कामट्या भेटतात, तिथे दोऱ्याने घट्ट बांधा. मध्ये कामट्या एकमेकींना जिथे छेदतात त्या पाच जागाही बांधा. असाच दुसरा तारा. आता दोन्ही एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधायची. मग वीतभर लांबीच्या पाच आखूड काड्या आतल्या पाच छेदांच्या जागी दोन ताऱ्यांच्या मध्ये आडव्या अडकवायच्या. पहिली काडी अडकवली की सांगाडा वाकडा होतो, तिसऱ्या काडीला सरळ होऊ लागतो, आणि पाचवी बसली की दोन सपाट तारे फुगून एक होतात. पाचवी काडी मुलांना बसवू द्या.

वरून पतंगाचा कागद, मैद्याच्या खळीने. एक बाजू बल्ब आत सोडण्यापुरती उघडी ठेवायची. बल्ब एलईडीचाच आणि वायरचा जोड टेपने पक्का झाकलेला. वसईला डिसेंबरात पहाटे भरपूर दव पडतं आणि खळ सुटते. म्हणून उघड्यावर झाडाला न लावता पागोळीच्या आत, पडवीच्या तुळईला टांगा.

८. कुलकुल (१८ ते २० डिसेंबर)

कुलकुल एकटीने करायचा पदार्थ नाही. अर्धा किलो मैद्याच्या कुलकुलांना एका माणसाला सगळी दुपार जाते, सहा माणसं बसली तर तासाभरात उरकतात. शेजारणींना बोलवा आणि त्यांच्याकडे कधी आहे ते विचारून तिकडे जाऊन बसा. गावात नव्याने आलेल्या बाईला ओळखी करून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम गरम तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ. नारळाचं जाड दूध थोडं थोडं घालत घट्ट मळा. एका मोठ्या नारळाचं दूध पुरतं, पण सगळं एकदम ओतू नका. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा.

लहान बोराएवढी गोळी घ्या. काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पातळ पसरा आणि टोकापासून गुंडाळत आणा, म्हणजे बाहेरून रेघा उठलेला शिंपला होतो. शेवटची कड नीट दाबून चिकटवा. उघडी राहिली तर तळताना आत तेल शिरतं. करून झालेले कुलकुल फडक्यावर एकमेकांना न लागता पसरा, वरून दुसरं फडकं.

आता मऊ का पडतात ते. तेल फार तापलेलं असलं की कुलकुल बाहेरून लगेच लाल होतात, आत कच्चे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी आतला ओलावा बाहेर येऊन सगळा डबा मऊ पडतो. तेलात टाकलेली गोळी हळूहळू वर यायला हवी. आच मध्यमपेक्षा कमी आणि घाणा छोटा ठेवा. एक काढून मोडून बघा, आत पिठाचा ओला ठिपका दिसला तर अजून वेळ आहे.

पाकासाठी २०० ग्रॅम साखर भिजेल इतकंच पाणी, दोन तारी पाक. गॅस बंद करून कुलकुल त्यात घाला आणि साखर पांढरी होऊन अंगाला धरेपर्यंत हलवत राहा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरलेल्या डब्याच्या झाकणाला आतून घाम आला की मेहनत पाण्यात गेली.

९. नेवऱ्या (२१-२२ डिसेंबर)

दिवाळीत करंज्या करणाऱ्यांना नेवऱ्या शिकवायला नकोत. सारणात सुकं खोबरं, भाजलेला रवा, पिठीसाखर, तीळ, काजूचे तुकडे, बेदाणे, वेलची. ओल्या नारळाचं सारण चवीला सरस असतं, पण दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. वाटायला नेणार असाल तर सुकंच घ्या. सारण गार झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर पारी ओली होऊन तेलात फुटते.

१०. इंद्याल आणि फुगे (२२ ते २५ डिसेंबर)

इंद्याल दोन दिवस आधी केलं की जास्त चांगलं लागतं, व्हिनेगर मुरायला वेळ लागतो. एक किलो पोर्कला पंधरा-वीस सुक्या काश्मिरी मिरच्या, लसणाचे दोन गड्डे, बोटभर आलं, दोन चमचे जिरं, एक चमचा हळद, थोडी मिरी, हे सगळं व्हिनेगरमध्येच वाटायचं. पाण्याचा थेंब लावायचा नाही, मिक्सरचं भांडंसुद्धा कोरडं. पोर्कचे तुकडेही धुऊन पूर्ण निथळलेले हवेत. मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर. पोर्कची चरबी सुटते, म्हणून तेल बेतानेच. शिजल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि खायच्या वेळी लागेल तेवढंच काढून खळखळून गरम करा. घरात पोर्क खात नसतील तर याच वाटणात कोंबडी करा, ती मात्र आदल्या दिवशी.

कोंबडी किंवा मटणाच्या दुसऱ्या कालवणाला बाटली मसाला लागतो. तो एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कांडून वर्षभरासाठी बाटल्यांत भरतात. डिसेंबरात तो घरी होत नाही. यंदा एखाद्या ओळखीच्या घरून पावशेर मागून आणा आणि एप्रिलमध्ये त्यांच्याबरोबर कांडायला जा.

फुग्यांचं पीठ २४ ला संध्याकाळी किंवा २५ ला पहाटे भिजवा. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, दोन चमचे साखर, मीठ, एक लहान चमचा कोरडं यीस्ट कोमट पाण्यात फुलवून, आणि नारळाचं कोमट दूध. जुन्या घरांत यीस्टऐवजी ताडी घालत. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं आणि हाताने वर उचलून आपटत पंधरा मिनिटं फेटायला हवं, त्यात हवा शिरते. दुप्पट होईपर्यंत उबेला झाकून ठेवा. थंडीत चार-पाच तास लागतात.

तळताना डावा हात ओला करून मूठभर पीठ घ्या आणि मूठ आवळा. अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो. उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तो तोडून तेलात सोडा. पीठ नीट फुगलेलं असेल तर एक बाजू झाली की फुगा आपणहून पलटतो. पलटत नसेल तर पिठाला अजून वेळ द्या, तेल वाढवून उपयोग नाही.

११. मिस्सा, आणि त्याभोवतीच्या वेळा

२४ च्या मिस्साची वेळ आपल्या पॅरिशच्या (चर्चच्या) सूचनेत पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी असते. राज्य सरकार वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देतं, पण पटांगणात मिस्सा होतो तिथल्या वेळा त्यामुळे दरवर्षी बदलू शकतात. पापनिवेदनाला २३-२४ ला लांब रांगा असतात, आठवडाभर आधी जाऊन या. ख्रिस्तशरीर (मिस्सात दिला जाणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) स्वीकारण्याआधी तासभर काही खायचं नसतं, म्हणून संध्याकाळचं खाणं लवकर आटपा. शेजारी म्हणून कुणी इतर धर्माचे येणार असतील तर त्यांचं स्वागतच असतं. ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांग लागते तेव्हा त्यांनी जागेवर बसून राहावं, एवढं त्यांना आधी सांगून ठेवा. पटांगणात गारठा असतो. म्हाताऱ्या माणसांसाठी शाल आणि स्कूटरवरून येणार असाल तर मुलांना कानटोप्या विसरू नका.

१२. वाटणं

२५ ला दुपारनंतर आणि २६ ला ताटं फिरतात. ज्यांच्या घरून दिवाळीचा फराळ आला त्यांच्याकडे पहिलं ताट. त्यांच्या ताटात केक अंड्याचा आणि रमचा आहे की नाही हे स्पष्ट सांगा. शाकाहारी घरांसाठी कुलकुल, नेवऱ्या आणि पेराद वेगळ्या डब्यातून द्या. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल तिथे फराळ करत नाहीत. त्यांच्याकडे आठवणीने न्या, साधेपणाने, आणि थोडा वेळ बसा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ताटात कडक कुलकुलांऐवजी केक आणि पेराद जास्त ठेवा.

फराळ चांगला झाला की लोक विकत मागू लागतात. घरून विकायचं म्हटलं तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो जवळ ठेवा. अर्ज ऑक्टोबरमध्येच करा. ऑर्डर घेणार असाल तर पहिल्या वर्षी एकाच पदार्थाच्या घ्या.

१३. आवराआवर

गोठा ६ जानेवारीपर्यंत ठेवतात. चर्चमध्ये तीन राजांचा सण जवळच्या रविवारी साजरा होतो, पण घरचा गोठा त्याआधी मोडायची घाई नको. मूर्ती कोरड्या फडक्याने पुसून जुन्या कापडात एकेक वेगळी गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई मातीच्या मूर्तींना लागते. गहू-नाचणीचे कोंब कोंबड्यांना किंवा गाईला, माती कुंड्यांत, पेंढा केळीच्या बुंध्याशी. ताऱ्याचा कागद ओला करून काढला की सांगाडा मोकळा होतो. आखूड काड्या काढून ठेवल्या तर तो पुन्हा सपाट होतो आणि माळ्यावर कमी जागेत मावतो. त्या पाच काड्या त्यालाच बांधून ठेवा.